गुडघ्याच्या आत काय झाले आहे?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या आंतर-हाउस फुटबॉलची उपांत्य लढत झाली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि उजव्या बाजूची हिरवळ चिखलात रुतत होती. मी राइट बॅक. त्यांचा विंगर मला चकवून आत वळला, म्हणून मीही वळलो. अंग वळले, पण बूट चिखलात अडकल्यामुळे पाय तिथेच राहिला. आतून 'टक्' असा आवाज आला. मला कोणीही धक्का दिला नव्हता. मी खाली बसलो, उस्ताद धावत आले, मी उठलो आणि चार पावले चाललो. "चालता येतंय ना? मग काही नाही," असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मला विचारलेही नव्हते.

संध्याकाळच्या प्रेपपर्यंत गुडघा पपनसाएवढा झाला.

त्यानंतर नऊ आठवडे झाले. या काळात मला एक्सक्यूज्ड पीटी आहे आणि वाचायला भरपूर वेळ मिळाला आहे. पहिला आठवडा मी एकच प्रश्न विचारत होतो: नक्की काय झाले आहे? याचे उत्तर दोन डॉक्टरांनी आणि एका मशीनने तीन वेगळ्या प्रकारे दिले. आधी मला राग आला. एवढे मोठे मशीन, एवढे शिकलेले लोक, आणि गुडघ्यासारखी बोट लावता येणारी गोष्ट कळू नये? मग वाचता वाचता लक्षात आले की कोट्यवधी रुपयांच्या फुटबॉलपटूंच्या गुडघ्यांबाबतही असेच होते. हा लेख त्याविषयी आहे.

आधी गुडघा समजून घेऊ. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी. ही हाडे एकमेकांत खाचेने अडकलेली नाहीत, एकमेकांवर नुसती टेकलेली आहेत. खांद्याला किंवा खुब्याला निदान वाटीसारखा आकार आहे, गुडघ्याला तोही नीट नाही. त्याला धरून ठेवतात चार लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध: दोन बाजूंना दोन आणि आत एकमेकांना ओलांडून जाणारे दोन. आतल्या दोघांपैकी पुढचा तो एसीएल. हा आपल्या करंगळीपेक्षा लहान, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, पण नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळू न देणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. हे सगळे कातडी, चरबी आणि स्नायूंच्या आड असल्यामुळे बाहेरून दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. बोट लावता येते ते गुडघ्याच्या बाहेरच्या भागाला, हे मला तेव्हा कळले.

एसीएल तुटला की माणूस कोसळतो आणि उठूच शकत नाही, असा आपल्या सगळ्यांचा समज आहे. माझाही होता. १८ मे १९९१ रोजी वेम्ब्लीवर एफए कपचा अंतिम सामना होता. टॉटनहॅमच्या पॉल गॅस्कॉइनने नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या गॅरी चार्ल्सला बेफाम टॅकल केले आणि स्वतःच जखमी झाला. उपचार घेऊन तो उठला, फ्री किकसाठी भिंतीत उभाही राहिला. त्या फ्री किकवर स्टुअर्ट पिअर्सने गोल केला. त्यानंतर गॅस्कॉइन कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. उजव्या गुडघ्याचा एसीएल तुटला होता. इटलीच्या लाझिओ क्लबकडे जाणे त्यामुळे एक वर्ष लांबले. म्हणजे भिंतीत उभा असताना एसीएल तुटलेलाच होता. 'चालता येतंय, मग काही नाही' हे माझे वाक्य किती पोकळ होते, ते यावरून कळावे. सरळ उभे राहायला आणि सरळ चालायला एसीएलची फारशी गरज लागत नाही. ती लागते वळताना.

आणि धक्का लागावा लागतो हेही खरे नाही. २० जून २००६ रोजी कोलोनला विश्वचषकात इंग्लंड-स्वीडन सामन्याच्या पहिल्याच मिनिटाला मायकेल ओवेनचा गुडघा पिळला गेला, तोही कोणी न धडकता. तो रांगत मैदानाबाहेर गेला. एसीएलच्या बऱ्याचशा दुखापती अशाच होतात: पाय जमिनीत रोवलेला, अंग वळलेले, समोरचा खेळाडू हातभर लांब.

तेव्हा डॉक्टर आधी काय घडले ते विचारतात. आवाज आला का? कधी सुजले? काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत बहुधा रक्त साचले आहे, आणि खेळाडूच्या गुडघ्यात असे रक्त साचले की त्यामागे बरेचदा एसीएल निघतो. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली तर गादीचा संशय अधिक. म्हणजे सगळ्यात पहिली तपासणी म्हणजे रुग्णाची खरी हकीगत, आणि नेमकी तीच आपण कॅडेट लोक बिघडवून टाकतो. मी पहिल्या डॉक्टरांना सांगितले, "थोडा मुरगळलाय, सर." आवाजाचे सांगितले नाही. अंतिम सामना दहा दिवसांवर होता आणि मला लाइट ड्यूटी नको होती. शिवाय एमआय रूमला वारंवार जाणाऱ्याला बॅरॅकमध्ये काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. क्रेप बँडेज आणि पंधरा दिवस विश्रांती असे लिहून दिले. एक्स-रेमध्ये अस्थिबंध दिसतच नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हते. नाही म्हणायला कधी कधी नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेचा बारीक टवका निघालेला दिसतो. फ्रान्सच्या पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन केले होते, आणि तो टवका दिसला की एसीएल गेल्याचा दाट संशय घेतात. माझ्या एक्स-रेत टवका नव्हता. पण तो नाही म्हणजे एसीएल आहे, असे होत नाही.

दहाव्या दिवशी जिना उतरताना गुडघा एकदम सटकला. हाउसमास्टरांनी घरी फोन केला आणि बाबा मला मानेसरला घेऊन गेले.

आमचे घर मूळचे कोल्हापूरचे. बाबा आधी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, आता आयएमटी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. गुरुग्रामच्या एका रुग्णालयात माझा एमआरआय झाला. पंचवीसएक मिनिटे त्या ठोकाठोकीत न हलता पडून राहायचे होते, सावधानपेक्षा कठीण. रिपोर्टमध्ये लिहिले होते की एसीएलमध्ये बदल दिसतात, अंशतः फाटल्याची शक्यता आहे, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे. बाबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा पास आहे की रिजेक्ट? असा रिपोर्ट मी दिला तर सुपरवायझर मला उभा करील."

आता हा एमआरआय काय करतो ते बघा. तो गुडघ्याचे काप काढतो, भाकरीचे नव्हे, ब्रेडचे काढतात तसे. एकेक काप साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो. एसीएल तिरपा जातो, त्यामुळे तो एका कापात पूर्ण सापडेलच असे नाही, दोन-तीन कापांतून जोडून पाहावा लागतो. पूर्ण तुटलेला एसीएल बहुतेक वेळा नीट ओळखता येतो, कारण दोरी मध्येच संपलेली दिसते. अवघड आहे ते अर्धवट फाटलेल्याचे. सूज आणि रक्त असेल तर शाबूत दोरीही धुरकट दिसते, आणि काही धागे तुटलेली दोरीही धुरकटच दिसते. दुसरे असे की एमआरआय झोपलेल्या गुडघ्याचा असतो. दोरीचे चित्र मिळते, दोरी किती ओढ सहन करील ते मिळत नाही. तिसरी गंमत म्हणजे काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचाही एमआरआय काढला तर त्यात काही ना काही सापडतेच. वर्षानुवर्षे खेळणाऱ्या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या गुडघ्यात तर जुन्या जखमांच्या खुणा असणारच. त्यातली आज दुखते ती कुठली, हे चित्र सांगत नाही. आणि आमच्या वयाच्या मुलांत गादीला रक्तपुरवठा जास्त असतो, तो कधी कधी फाटल्यासारखा दिसतो.

बाबांच्या कारखान्यातही अगदी हाच प्रश्न असतो. स्टीअरिंग नकल नावाचा भाग असतो, त्यात बारीक तडा असेल तर गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी गाठ. तडा आहे का हे नक्की कळण्याचा एकच मार्ग म्हणजे भाग कापून बघणे. पण कापला की तो भाग संपला. म्हणून न कापता तपासतात: भाग चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी असलेले पाणी सोडतात, तडा असेल तिथे भुकटी गोळा होते. तरी चूक होतेच, आणि दोन बाजूंनी होते. चांगला भाग बाद होतो किंवा तडा असलेला पुढे जातो. एक चूक कमी करायला गेले की दुसरी वाढते. "आम्ही चांगले दहा फेकतो, पण एक खराब सोडत नाही," बाबा म्हणाले. "पण गुडघा फेकता येत नाही."

त्या रात्री त्यांनी मला कागदावर हिशोब मांडून दाखवला. आकडे कल्पित आहेत, पण त्यातली गोष्ट खरी आहे. समजा एक तपासणी अशी आहे की फाटलेल्या १०० गुडघ्यांतले ९० पकडते आणि चांगल्या १०० पैकी १० उगाच फाटलेले म्हणते. आता गुडघा टम्म सुजलेले आणि 'टक्' आवाज ऐकलेले १०० खेळाडू घ्या. त्यातल्या ७० जणांचा खरोखर फाटला आहे असे धरा. तपासणी ६३ पकडेल, ७ सोडेल. उरलेल्या ३० चांगल्यांपैकी ३ उगाच अडकवेल, २७ सोडेल. म्हणजे ज्यांना 'काही नाही' असे उत्तर मिळाले ते ३४, आणि त्यातले ७ फाटलेलेच. जवळजवळ पाचात एक! आता उलट बाजू. नुसते थोडे दुखते म्हणून आलेले १००० घ्या, फाटलेले फक्त ५०. तपासणी ४५ पकडेल, पण ९५० चांगल्यांपैकी ९५ जणांना उगाच फाटलेले ठरवेल. म्हणजे 'फाटला' असे ऐकून घाबरलेल्या १४० जणांपैकी खरे फक्त ४५. तपासणी तीच, मशीनही तेच, तरी उत्तराचा अर्थ बदलला, कारण तपासणीपूर्वीची हकीगत वेगळी होती. मी पहिल्या डॉक्टरांपासून आवाजाची गोष्ट लपवली तेव्हा मी स्वतःला पहिल्या रांगेतून काढून दुसऱ्या रांगेत उभे केले होते. हा हिशोब गणिताच्या पुस्तकात असता तर मी सोडून दिला असता.

दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि गुडघा हातात घेतला. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. दोन गोष्टी बघायच्या: हाड किती पुढे आले आणि कसे थांबले. शाबूत दोरी 'कट्' करून अडवते, तुटलेली असेल तर लोण्यात ओढल्यासारखे वाटते. पण इथेही पंचाईत आहे. दुखते म्हणून आपण नकळत मांडीचे मागचे स्नायू आवळतो, आणि ते स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात. म्हणजे एसीएल तुटलेला असूनही हाड जागचे हलत नाही. म्हणूनच सूज आणि दुखणे ओसरल्यावर पुन्हा तपासतात. ऑपरेशन टेबलावर भूल दिल्यावर हीच तपासणी अधिक खरे बोलते, कारण रुग्ण आवळू शकत नाही.

माझी नडगी थोडी पुढे आली, पण शेवटी अडली. मग डॉक्टरांनी माझा चांगला पाय घेतला. तोही तितकाच पुढे आला! "तुझे दोन्ही गुडघे मुळातच जरा सैल आहेत," ते म्हणाले. एमआरआयने एकाच गुडघ्याचा फोटो काढला होता. दुसऱ्याशी तुलना करायला कोणाला सुचले नव्हते, आणि ती तपासणी फुकट होती.

व्यावसायिक खेळाडूंना हे सगळे आणखी घाईत करावे लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारताचा बचावपटू संदेश झिंगन गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या सराव सामन्यात जखमी झाला. १५ तारखेला कोलकात्यात बांगलादेशशी विश्वचषक पात्रता सामना होता. प्रशिक्षकांना उत्तर सूज उतरल्यावर नव्हे, लगेच हवे असते. निदान एसीएलचे निघाले. तो सामना भारताने त्याच्याशिवाय १-१ असा सोडवला आणि २०१९-२०चा पूर्ण आयएसएल हंगाम झिंगन बाहेर होता. पुढे तो परत आला, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि नंतर एफसी गोव्याकडून खेळला.

नेदरलँड्सच्या रूड व्हॅन निस्टलरॉयची गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावते. एप्रिल २००० मध्ये मँचेस्टर युनायटेड त्याला पीएसव्ही आइंडहोव्हनकडून विकत घेणार होते. त्याचा गुडघा थोडे दिवस आधी दुखावला होता. वैद्यकीय तपासणीत युनायटेडच्या लोकांना शंका आली, त्यांनी आणखी तपासण्या मागितल्या, पीएसव्हीने नकार दिला आणि व्यवहार मोडला. त्यानंतर काही दिवसांतच सरावात त्याचा एसीएल तुटला. वाचल्यावर मी बाबांना म्हणालो, बघा, युनायटेडचे डॉक्टर बरोबर होते. बाबा म्हणाले, "आम्ही बाद केलेला भाग दुसऱ्या दिवशी तुटला, म्हणून आमची तपासणी बरोबर होती असं नाही. तो कशानं तुटला ते बघावं लागतं." दोरी आधीच कमजोर होती का, की चांगल्या दोरीवर त्या दिवशी जास्त ओढ आली? हे आता कोणीच सांगू शकत नाही. युनायटेडने मात्र त्याला २००१ मध्ये घेतलेच आणि त्याने त्यांच्यासाठी १५० गोल केले.

आणि उलट टोकाला झ्लाटान इब्राहिमोविच. मे २०२२ मध्ये एसी मिलानने इटलीची लीग जिंकल्यानंतर त्याने जाहीर केले की गेले सहा महिने आपण डाव्या गुडघ्यात एसीएल नसताना खेळत होतो. वयाच्या चाळिशीत! गुडघा सतत सुजलेला असायचा, पाणी काढावे लागायचे, सराव जवळजवळ बंद. म्हणजे निदान अगदी पक्के असले तरी 'खेळता येईल का' याचे उत्तर त्यातून आपोआप मिळत नाही. काहींचे स्नायू कमी पडलेल्या दोरीचे काम उचलतात, काहींचा गुडघा जिन्यावरच सटकतो. कोणाचे काय होईल, हे आधी सांगता येत नाही. पण असे खेळताना दर सटकण्याबरोबर गादी घासते आणि फाटते, हेही डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले. म्हणून इब्राहिमोविचचे नाव सांगून कोणी एमआय रूम टाळू नये.

भाग कापून बघण्यासारखा उपाय गुडघ्यालाही आहे, तो म्हणजे दुर्बीण आत घालून बघणे, आर्थ्रोस्कोपी. टोकियोचे केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय बघायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तिथून ही गोष्ट सुरू झाली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती उपयोगी बनवली. आत गेल्यावर दोरी डोळ्यांनी दिसते आणि आकड्याने ओढूनही पाहता येते. मग सगळ्यांचेच असे का करत नाहीत, हे मी विचारले. कारण ते शेवटी ऑपरेशन आहे. शिवाय माझी हाडे अजून वाढत आहेत. गुडघ्याच्या वर आणि खाली वाढीचे पट्टे असतात, पंधराव्या वर्षी ते उघडे असू शकतात, आणि नवी दोरी बसवायला हाडात पाडलेले भोक त्या पट्ट्यातून गेले तर पाय वाकडा वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे माझ्या बाबतीत नक्की कळून घेण्याची किंमत मोठ्या माणसापेक्षा जास्त आहे.

तर मला मिळालेले उत्तर असे: बहुधा अंशतः फाटला आहे, बहुधा ऑपरेशन लागणार नाही, बारा आठवडे व्यायाम, मग पुन्हा तपासणी. एका वाक्यात दोनदा 'बहुधा'. आईला ते अजिबात आवडले नाही. तिला तिसऱ्या डॉक्टरांकडे जायचे होते. मलाही एनडीएच्या मेडिकलची भीती आहे, ती लपवत नाही. हा कॉलम लिहिताना तीही मांडीला मांडी लावून बसली आहे. (मला अजून मांडी घालता येत नाही.) पण डॉक्टरांनी 'बहुधा' म्हटले ते त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. आतापर्यंत हातात आलेल्या पुराव्यावर जेवढे म्हणता येते तेवढेच ते म्हणाले. पहिल्या भेटीत मला 'मुरगळलाय' असे ठाम उत्तर मिळाले होते, आणि ते माझ्याच अर्धवट माहितीवर उभे होते.

कोल्हापूरचे माझे काका पेठेच्या एका संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळायचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सामन्यात त्यांचा गुडघा 'गेला'. कोल्हापुरात एवढेच म्हणतात, गुडघा गेला. हळदीचा लेप, आवळून पट्टी, आणि पुढच्या हंगामात पुन्हा मैदानात. तीन हंगाम ते तसेच खेळले. मी त्यांना फोनवर लॅकमन टेस्ट समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेले. पण गणपतीनंतर गुपचूप जाऊन तपासून आले. रविवारी त्यांचा फोन आला.

"आरं, माझ्यात ती दोरीच न्हाई म्हणं," ते म्हणाले. "गादी पण फाटलीया. डॉक्टर इचारत होता, कुठं पडलासा काय? म्हटलं, वीस वर्षं झाली."

मग त्यांनी विचारले, तुझे काय? मी सांगितले की मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज तीन वेळा, दर वेळी तीस, आणि तपासणी दिवाळीच्या सुट्टीत, मानेसरला. या वेळी दोन्ही गुडघे दाखवणार आहे.